भागीचे घोडे

'घाऊक' हा शब्द कानावर पडला की आपल्यासमोर मार्केट यार्ड उभे राहते. गुळाच्या ढेपा, साखरेची पोती, हमालांची लगबग आणि गादीवर बसून शांतपणे वही लिहिणारा व्यापारी. तो पोत्याने घेतो आणि पोत्याने विकतो. तुम्ही-आम्ही त्याच्याकडे पाव किलो तूरडाळ मागायला गेलो, तर तो हसून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे बोट दाखवतो. माल त्याचा, वखार त्याची, नफा त्याचा. आणि उंदरांनी पोते कुरतडले तर नुकसानही त्याचेच. घाऊक व्यापाऱ्याची एवढी ओळख आपल्याला पुरते.

म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी श्रावणात एक दिवस विचारले, "अगं, घरं कधी कुणी घाऊक विकतं का गं?" तेव्हा मला हसूच आले. पण काकू हसत नव्हत्या. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. नोकरी सांभाळून तो घरांचा घाऊक धंदा करणार होता, आणि तोही एकटा नव्हे, तर तिथल्या दोघा 'अनुभवी' माणसांच्या भागीत. तिघांमधला करारनामा त्याने आईला फोनवर पाठवला होता. काकू म्हणाल्या, "तू भाषेची बाई. वाच आणि सांग, यात माझ्या पोराच्या वाट्याला काय येतंय ते."

मी भाषेची बाई खरी. धंद्याची नव्हे, कायद्याची तर नव्हेच. पण वाचणे हा आमचा पेशा आहे. ते एक पान मी वाचले आणि एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरली. त्या पानातल्या वाक्यांना कर्ताच नव्हता. 'गिऱ्हाईक शोधले जाईल', 'खर्च भागवला जाईल', 'मालकाशी बोलणी केली जातील', 'नफा समान वाटला जाईल'. कोण शोधणार, कोण भागवणार, कोण बोलणार? शाळेत आपण कर्मणी प्रयोग घोकतो तो परीक्षेपुरता. मोठेपणी तो असा करारनाम्यात भेटतो. मग मी या धंद्याविषयी पुष्कळ वाचले, जाणत्यांना विचारले. आज परदेशी मुलगा, भाचा किंवा पुतण्या नाही असे घर आपल्यात शोधावे लागते. म्हणून ते वाचलेले यंदाच्या दिवाळी अंकात वाचकांपुढे ठेवत आहे.

प्रथम हा धंदा काय ते पाहू. अमेरिकेत एखादे जुने घर असते. छप्पर गळते, मालकीण म्हातारी झालेली, मुले दूर. तिला डागडुजी झेपत नाही आणि घर लवकर विकायचे आहे. आपला 'घाऊक' व्यापारी तिच्याकडे जातो आणि ठरावीक किमतीला, ठरावीक मुदतीत घर विकत घेण्याचा करार करतो. इसार म्हणून थोडीशी रक्कम ठेवतो. मग मुदत संपायच्या आत तो असे गिऱ्हाईक शोधतो की, ज्याच्याकडे रोख पैसे आहेत आणि ज्याला घर दुरुस्त करून विकायचे किंवा भाड्याने द्यायचे आहे. त्या गिऱ्हाइकाला तो आपला करार विकतो. घर मालकिणीकडून थेट गिऱ्हाइकाच्या नावे होते आणि मधल्या माणसाला त्याची रक्कम मिळते.

आकड्यांत सांगायचे, तर समजा, दुरुस्तीनंतर ते घर २,००,००० डॉलरला जाईल. खरेदी करणारे बहुधा एक ठोकताळा धरतात: त्या किमतीच्या सत्तर टक्के घ्यायचे आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. सत्तर टक्के म्हणजे १,४०,०००. दुरुस्तीला ३५,००० लागणार असतील, तर गिऱ्हाईक १,०५,००० च्या वर जाणार नाही. घाऊक व्यापाऱ्याने मालकिणीशी ९५,००० ला करार केला असेल, तर मधले १०,००० त्याचे.

म्हणजे पाहा, या घाऊक व्यापाऱ्याकडे वखार नाही आणि मालही नाही. त्याच्या हातात आहे तो फक्त एक कागद आणि त्या कागदावरची एक मुदत. घर क्षणभरही त्याचे नसते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा आपल्या म्हणीतला उदार माणूस दान तरी करत होता. हा तेच तुळशीपत्र विकतो. यात मुळातच काही पाप आहे असे मला म्हणायचे नाही. करारातला हक्क दुसऱ्याच्या नावे करता येतो, हे तिथल्या कायद्यात जुनेच आहे. करारात तशी मनाई नसली म्हणजे झाले. गरजू मालकिणीला गिऱ्हाईक मिळाले आणि गिऱ्हाइकाला घर मिळाले, तर मध्यस्थाच्या श्रमाला मोल असतेच. पण ज्या धंद्याचे सगळे भांडवल म्हणजे एक कागद, त्यात तो कागद कोणाच्या नावाचा हा प्रश्न सर्वांत मोठा ठरतो. भागीदारी आली की नेमका हाच प्रश्न धूसर होतो.

नवशिका माणूस भागीदार का शोधतो, हे समजण्यासारखे आहे. हा धंदा दोन टोकांचा. एका टोकाला घर विकणारा, दुसऱ्या टोकाला रोख पैसेवाले गिऱ्हाईक. नवशिक्याच्या हाती क्वचित एखादे टोक असते, दोन्ही कधीच नसतात. त्याने शंभर दारे ठोठावून एक मालकीण राजी केली, तर गिऱ्हाइकांची यादी त्याच्यापाशी नाही. मुरलेल्या माणसाकडे यादी असते, पण दारोदार हिंडण्याचा त्याला कंटाळा आलेला असतो. दोघे एकत्र येतात आणि १०,००० डॉलरचे पाच-पाच हजार करून घेतात. पूर्ण भाकरीची वाट पाहत उपाशी बसण्यापेक्षा अर्धी भाकरी बरी, आणि अर्धी खाता खाता भाकरी भाजायलाही शिकता येते. या तऱ्हेची भागी उत्तम. यात प्रत्येकाजवळ दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी असते आणि ते काय, हे बोट ठेवून दाखवता येते.

दुसरी तऱ्हा म्हणजे एकाचे पैसे आणि दुसऱ्याचे श्रम. मालकांना पत्रे पाठवणे, जाहिरात, इसार यांचा खर्च एकाने करायचा आणि हिंडायचे दुसऱ्याने. हीही चालते, मात्र सौदा फिसकटला तर गेलेले पैसे कोणाचे, हे आधी ठरलेले हवे. तिसरी तऱ्हा गुरुशिष्याची. ती दिसायला सर्वांत गोड आणि निस्तरायला सर्वांत कडू. 'माझ्या हाताखाली शीक, शिकवणीचे शुल्क भर, मग तुझ्या सौद्यात मी निम्मा भागीदार होईन,' असे सांगणारे पुष्कळ. जो धंद्यावर जगतो तो गुरू निराळा आणि जो शिष्यांवर जगतो तो निराळा. दोघांची दुकाने बाहेरून सारखी दिसतात. घरांच्या खरेदी-विक्रीतून श्रीमंत व्हायला शिकवतो, असे सांगून महागड्या शिकवण्या विकणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये खटला भरला होता. तेव्हा शुल्क मागणाऱ्या भागीदाराला एकच विचारावे: "तुमचे मागचे तीन सौदे कोणते? त्यांची हिशेबाची पाने दाखवा." खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

चौथी तऱ्हा मात्र भागीची नव्हेच, ती साखळीची. एका जवळ करार असतो, किंवा असल्याचे तो सांगतो. तो दुसऱ्या घाऊक व्यापाऱ्याला सांगतो, "एक घर आहे, १,०५,००० ला." दुसरा तिसऱ्याला १,१०,००० सांगतो, तिसरा चौथ्याला १,१५,०००, आणि चौथा गिऱ्हाइकाला १,२०,०००. प्रत्येकाने आपले पाच हजार आधीच मोजून ठेवलेले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! गिऱ्हाईक १,०५,००० च्या वर जाणार नव्हते, हे आपण वर पाहिलेच. चौघांपैकी मालकिणीला पाहिलेला फार तर एक. कधी कधी तोही नसतो. सारी साखळी ऐकीव बातमीवर लोंबकळत असते.

अशा साखळीत नवशिका बहुतेक मधल्या कडीत सापडतो. त्याला वाटते, आपण मोठ्या सौद्यात आहोत. प्रत्यक्षात तो एका फोनवरचा निरोप दुसऱ्या फोनवर पोचवत असतो. म्हणून जाणते सांगतात, दुसऱ्याने घर दाखवले की पहिल्यांदा मालकाच्या सहीचा करार पाहायला मागा. करारावरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का पाहा. मुदत कधी संपते पाहा. करार दुसऱ्याच्या नावे करायला मनाई नाही ना, तेही पाहा. 'करार नंतर दाखवतो' म्हणणाऱ्याला 'मग भागीही नंतर करू' असे उत्तर द्यावे.

साखळी तुटली म्हणजे कोणाचे काय जाते? मधल्या माणसांचे फारसे काही नाही; ते पुढच्या घराकडे वळतात. जाते त्या मालकिणीचे. घर विकले गेले असे समजून तिने भांडीकुंडी बांधलेली असतात, मुलीकडे राहायला जायचा दिवस ठरवलेला असतो. महिन्याभराने निरोप येतो की सौदा होत नाही. तो महिना तिच्या आयुष्यातला असतो. भागीदारांच्या वाटणीत तिचे नाव कुठेच नसते. पण ते घर तिचे असते, हे चौघेही विसरतात.

हे विसरणे फार वाढले तेव्हा तिथल्या राज्यांना जाग आली. अमेरिकेत हा विषय राज्याराज्यांचा. एका राज्यात चालते ते शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. इलिनॉयने २०१९ मध्ये ठरवले की, बारा महिन्यांत एकाहून अधिक वेळा असे व्यवहार करणाऱ्याला दलालीचा परवाना लागेल. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये कायदा केला आणि त्याच्या नावातच या धंद्याला शिकारी जनावराचे विशेषण जोडले. साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये, दुसऱ्याच्या मालकीच्या घराची मोबदल्यासाठी जाहिरात करणे हे परवानाधारक दलालाचे काम ठरवले. पेनसिल्व्हेनियात २०२५ च्या जानेवारीपासून परवाना लागतो. शिवाय घर नावे होण्यापूर्वी, तीस दिवसांपर्यंत करार मोडण्याचा हक्क मालकाला मिळाला आहे. इतर ठिकाणीही एक भेद पुष्कळदा निर्णायक ठरतो: आपला करार विकायला काढणे वेगळे आणि दुसऱ्याचे घर विकायला काढणे वेगळे. दुसरे काम परवान्याशिवाय केले तर ती बेकायदा दलाली.

भागीदाराच्या दृष्टीने यातली मेख अशी. ज्याच्या नावे करार आहे तो निदान स्वतःचा हक्क विकतो. ज्याच्या नावे काहीच नाही आणि जो केवळ गिऱ्हाईक आणून वाटा घेतो, तो कायद्याच्या नजरेत दलालासारखा दिसू लागतो. म्हणून तिथले जाणते वकील सांगतात की, भागी करायची तर सौदा हातात आल्यावर नव्हे, त्याआधी करा आणि ती लेखी करा.

आता भागीदारीचा कायदा. आपल्याला वाटते, भागीदारी म्हणजे स्टॅम्पपेपर, सह्या, पाटी, पेढे. कायदा इतका समारंभप्रिय नाही. दोन माणसे मालकीच्या नात्याने मिळून नफ्यासाठी धंदा करू लागली की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती भागीदार ठरतात, मग तसा त्यांचा इरादा असो वा नसो. आणि एकदा भागीदार ठरलात की एकाने धंद्यात दिलेले वचन दुसऱ्याला बांधते, एकाने केलेले देणे दुसऱ्याकडून वसूल होऊ शकते. भागीदाराने मालकिणीला खोटे सांगितले, तर नोटीस तुमच्याही दारी येऊ शकते. नफा निम्मा वाटला जाईल एवढेच लिहिणाऱ्यांनी जोखीमही वाटली जाते हे लक्षात ठेवलेले बरे.

या बाबतीत न्यूयॉर्कचा एक जुना खटला सांगण्याजोगा आहे. शंभर वर्षे होत आली तरी तिथे कायदा शिकणारी मुले तो वाचतात. शहराच्या भर वस्तीत, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि बेचाळिसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर ब्रिस्टल नावाचे हॉटेल होते. १९०२ मध्ये वॉल्टर सालमन यांनी ते वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. हॉटेल मोडून दुकाने आणि कचेऱ्या करायच्या, तर पैसा हवा. तो निम्मा दिला मॉर्टन माइनहार्ड या लोकरीच्या व्यापाऱ्याने. करार झाला: पहिली पाच वर्षे नफ्याचे चाळीस टक्के माइनहार्डचे, पुढे निम्मे, तोटा झाला तर दोघांचा सारखा, कारभार मात्र एकट्या सालमनचा. भाडेपट्टाही एकट्या सालमनच्याच नावाचा.

सुरुवातीला तोटा आला, तो दोघांनी सोसला. पुढे नफा आला, तो दोघांनी घेतला. वीस वर्षे सुरळीत गेली. १९२२ च्या जानेवारीत, पट्टा संपायला तीन-चार महिने उरले असताना, जागेच्या मालकाने सालमनपुढे नवा बेत मांडला. ती जागा आणि शेजारचीही जागा मिळून एक मोठा भूखंड करायचा, जुन्या इमारती पाडून ३० लाख डॉलरची नवी इमारत उभी करायची, आणि पट्टा नूतनीकरण धरून ऐंशी वर्षांपर्यंत. सालमनने आपल्या कंपनीच्या नावे सही केली. वीस वर्षांच्या भागीदाराला चकार शब्द सांगितला नाही. माइनहार्डला महिन्याभराने कळले, तेव्हा तो म्हणाला, यात माझाही वाटा. सालमन म्हणाला, आपली भागी जुन्या पट्ट्यापुरती होती, ती संपली.

खटला राज्याच्या सर्वोच्च पायरीपर्यंत गेला. १९२८ च्या शेवटच्या दिवशी निकाल लागला तो माइनहार्डच्या बाजूने. निकाल लिहिणारे बेंजामिन कार्डोझो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: बाजारात परक्याशी वागताना जेवढी सचोटी पुरते, तेवढी भागीदाराशी वागताना पुरत नाही. सालमनने फसवले असे नव्हे. पण ती संधी त्याच्याकडे आली ती दोघांच्या धंद्याचा कारभारी म्हणून. निदान 'अशी संधी आली आहे' एवढे तरी त्याने सोबत्याला सांगायला हवे होते. माइनहार्डला जवळजवळ निम्मा वाटा मिळाला. कारभार सालमनच्या हाती राहावा म्हणून फक्त एक शेअर कमी.

हा निकाल वाचून मन भरून येते खरे. पण एक गोष्ट विसरू नये. सात न्यायाधीशांपैकी चार एका बाजूला होते आणि तीन दुसऱ्या. विरुद्ध मताचे न्यायाधीश म्हणाले, भागी एका पट्ट्यापुरतीच होती आणि पट्ट्याबरोबर संपली. म्हणजे एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर वीस वर्षांचा भागीदार रिकाम्या हाताने घरी गेला असता. सात विद्वानांना जे एकमताने ठरवता आले नाही, ते १९०२ मध्ये दोघा मित्रांना एका ओळीत ठरवता आले असते: 'पट्टा संपल्यावर या जागेचे काही नवे निघाले, तर ते दोघांचे की एकट्याचे?' ती ओळ त्यांनी लिहिली नाही. त्या कोपऱ्यावर १९३१ मध्ये उभी राहिलेली उंच इमारत आजही आहे. न्यूयॉर्कला मुलाकडे जाणाऱ्या वाचकांनी समोरचे प्रसिद्ध सार्वजनिक ग्रंथालय पाहून झाल्यावर तिच्याकडेही एकदा मान वर करून पाहावे. न लिहिलेली ओळ केवढी महाग पडू शकते, याचा अंदाज येईल.

आपल्याकडे म्हण आहे, भागीचे घोडे किवणाने मेले. घोडा दोघांचा. बसायला दोघेही तयार; पण खरारा कोणी करायचा, जखमेला औषध कोणी लावायचे? पहिल्याला वाटते दुसऱ्याने लावले असेल, दुसऱ्याला वाटते पहिल्याने. दोघांपैकी कोणी दुष्ट नाही. घोडा मेला तो दुष्टपणाने नव्हे, तर कर्ता नसलेल्या वाक्याने. 'औषध लावले जाईल' असे दोघे म्हणत राहिले, 'मी लावतो' असे कोणी म्हटले नाही.

म्हणून काकूंच्या मुलाला मी जे लिहून पाठवले, ते एवढेच की, तुमच्या पानातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता द्या. मालकिणीशी कोण बोलणार? एकच जण, आणि तो कोण, हे नावानिशी लिहा. तिघांनी तीन किमती सांगितल्या की ती तिघांनाही दाराबाहेर काढील, आणि ते योग्यच होईल. करार कोणाच्या नावे होणार? एकापेक्षा अधिक जणांच्या नावे व्हायचा असेल तर आधीच तसा करा. इसार कोण भरणार, आणि तो बुडाला तर कोणाचा? गिऱ्हाईक कोण आणणार, किती तारखेपर्यंत, आणि त्या तारखेला आणले नाही तर मालकिणीला खरे सांगायला कोण जाणार? हा शेवटचा प्रश्न कोणी लिहीत नाही. तोच मी सर्वांत वर लिहायला सांगितला.

वाटणीचेही तसेच. 'समान' म्हणजे कशाचे समान? खर्च वजा जाऊन की आधी? तिकडे सौदा पुरा होतो तो बहुधा टायटल कंपनीत, किंवा काही राज्यांत वकिलाकडे. मालकी हक्काची छाननी तिथे होते, पैसे तिथे जमा होतात आणि तिथूनच सर्वांना दिले जातात. कोणाला किती, याचे हिशेबाचे पान तयार होते. आपला वाटा त्या पानावर आपल्या नावाने लिहिला जाईल, अशी लेखी सूचना तिघांच्या सहीने आधीच द्यावी. एकाने सगळे घ्यायचे आणि मग मित्रांना वाटायचे, ही पद्धत पिकनिकच्या वर्गणीला ठीक. आणि शेवटी: ही भागी एका घरापुरती की पुढच्या घरांनाही? माझ्याकडून कळलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही पुढे परस्पर विकू शकता की नाही? सालमन आणि माइनहार्ड यांची ओळ ती हीच.

एवढ्यावर मी थांबले असते. पण मूळ प्रश्न त्याहूनही आधीचा निघाला. मुलगा तिथे कोणत्या परवानगीवर राहतो? एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याकडेच काम करता येते. विद्यार्थ्याच्या व्हिसावर तर बंधने आणखी कडक. स्वतः राहायला घर घेणे किंवा शेअरमध्ये पैसे गुंतवणे वेगळे. पण संध्याकाळी घरे हुडकायची, घासाघीस करायची आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हे काम झाले. परवानगीवाचून काम केले असे ठरले तर पाच हजार डॉलरच्या वाट्यापायी तिथले वास्तव्यच धोक्यात येते. त्याच्या दोघा भागीदारांना हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण ते तिथलेच नागरिक. तिघांची भागी समान होती, जोखीम समान नव्हती. मी काकूंना म्हटले, "हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. त्याला म्हणावं, सही करण्याआधी व्हिसाच्या वकिलाला गाठ. वकिलाचे पैसे जातील, पण नोकरी राहील." त्याने सही थांबवली आणि वकिलाची वेळ घेतली. पुढे काय करायचे ते तो आणि त्याचा वकील जाणे.

हे सगळे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे हा धंदा या नावाने नाही. पण इसार देऊन साठेखत करायचे आणि मुदतीच्या आत तिसऱ्याला गाठायचे, हे जमिनीच्या व्यवहारांत नवे नाही. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतर कायदा तर स्पष्ट सांगतो की, विक्रीच्या नुसत्या करारातून मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. नोंदणीकृत प्रकल्पांतली घरे विकून देणाऱ्या मध्यस्थाला २०१७ पासून महारेराकडे नोंदणी करावी लागते. आणि १९३२ च्या भागीदारी कायद्याने एक चिमटा काढून ठेवला आहे: भागीची नोंदणी केली नसेल, तर करारातला हक्क मिळवण्यासाठी भागीदाराविरुद्ध दावा लावता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही. पण कोर्टाचे दार ठोठवायची वेळ आली की ती नसल्याची आठवण होते. तेव्हा दोन मित्र मिळून गावाकडची जमीन घेऊन विकायचा बेत करत असतील, तर वरची प्रश्नावली त्यांनाही लागू.

काही वाचकांना वाटेल, मित्रामित्रांत इतके लिहून घेणे म्हणजे अविश्वास. मला तसे वाटत नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी भागी करायचीच नसते. कागद कितीही पक्का असला तरी लबाड माणसाला तो अडवत नाही. लिहायचे ते चांगल्या माणसांसाठी. चांगली माणसेही विसरतात, थकतात, आजारी पडतात; आणि वर्षभराने 'आपण असे म्हटले होते' हे प्रत्येकाला आपल्या सोयीने आठवते. लिहिलेली ओळ तेवढी सोयीने बदलत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचे व्यापारी वहीची पूजा करतात. तिजोरीची पूजा तर होतेच, पण हळदकुंकू वाहून 'श्री' लिहिली जाते ती कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर. पैसा यायचा असतो पुढे; पान आधी. ज्यांना कोणाला यंदाच्या पाडव्याला, इथे किंवा साता समुद्रांपलीकडे, कोणाच्या भागीत पहिला सौदा करायचा असेल, त्यांनी 'श्री'च्या खाली पहिली ओळ ही लिहावी: कोण काय करणार. आणि दुसरी ओळ, ज्याचे घर आपण विकायला निघालो आहोत त्याच्या नावाची.